बोजा उतरला, हरळी राहिली : पापक्षमेच्या खात्रीच्या अभ्यासाची प्रस्तावना

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीत मी एका रविवारी पाहुणा म्हणून उपासनेला बसलो होतो. प्रभुभोजनाचा रविवार होता. भाकरीचे ताट बाकाबाकावरून पुढे येत होते. माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते. ताट त्यांच्यापर्यंत आले, त्यांनी ते दोन्ही हातांनी धरले, थोडा वेळ तसेच धरून ठेवले आणि काहीही न उचलता माझ्याकडे दिले. उपासना संपल्यावर आवारातल्या लिंबाखाली चहा घेताना मी काही विचारले नव्हते, पण ते आपणहून म्हणाले, “आठवडा नीट गेला नाही, सर. पुढच्या महिन्यात घेईन.”

त्यांचा आठवडा कशाने बिघडला होता ते मला माहीत नाही. दारू असेल, भावकीतले भांडण असेल, किंवा ज्याचा दुसऱ्या कोणाला पत्ता नाही असे काही मनातले असेल. पण तेव्हापासून या विषयावर शिकवताना माझ्यासमोर ते दोन हात असतात. पुढचा महिना नीट जाईल हे त्यांनी कशावरून धरले? नीट गेला हे कोण ठरवणार? आणि ते ताट ज्यांचा आठवडा नीट गेला त्यांच्यासाठी असते की ज्यांचा गेला नाही त्यांच्यासाठी? ख्रिस्ती विचाराच्या दोन हजार वर्षांत हे प्रश्न पुन्हा पुन्हा, आणि जिवाच्या आकांताने विचारले गेले आहेत. त्या विचारण्याच्या इतिहासाला आणि शास्त्राला आपण ‘पापक्षमेच्या खात्रीचा अभ्यास’ म्हणू. विषय जुना आहे, मराठीत त्यावर सलग लिखाण थोडे आहे, आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज असते ते बहुधा मागच्या बाकावर बसलेले असतात. म्हणून ही प्रस्तावना शक्य तितकी दार उघडे ठेवून लिहीत आहे. धर्मशास्त्राची पदवी नसलेल्यांनीही आत यावे.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण आपल्या भाषेने इथे एक मोठी सोय करून ठेवली आहे. नव्या करारात क्षमेसाठी येणारा ग्रीक शब्द ‘आफेसिस’ हा मुळात सोडून देण्याचा, मोकळे करण्याचा शब्द आहे. कैद्याच्या सुटकेला तो लागतो तसाच कर्जाच्या माफीलाही लागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या प्रार्थनेत पापाऐवजी ऋणाचीच भाषा आहे आणि बऱ्याच मराठी मंडळ्या आजही ती प्रार्थना ‘ऋण’ हाच शब्द घेऊन म्हणतात. कर्जमाफी म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढलेला असतो. माफी झाली, फेरफार झाला, की तो बोजा कमी होतो. त्या दिवशी घरी गोडधोड होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर उभे राहिले की दिसते, शेतातली हरळी जिथल्या तिथे आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट करा, वाकून वाकून काशा वेचा, ढीग करून जाळा. एक कांडे मातीत राहिले तरी पावसाळ्यात तिथून फुटवा येतो.

या अभ्यासातले दोन मोठे शब्द त्या दोन चित्रांत मावतात. ‘नीतिमान ठरवले जाणे’ हा निवाडा आहे; तो कागदावर एकदा होतो आणि पूर्ण होतो. ‘पवित्रीकरण’ ही मशागत आहे; ती जन्मभर चालते. खात्रीचा प्रश्न त्या दोहोंच्या मध्ये उभा राहतो. हरळी पाहून माणसाला वाटू लागते, बोजा उतरलाच नसावा. किंवा त्याच्या उलट, बोजा उतरल्याचा कागद हातात आहे म्हणून तो नांगराला हात लावत नाही. उपमा इथपर्यंतच न्यावी. सरकारी माफीत सावकाराच्या खिशाला काही लागत नाही; शुभवर्तमानाचे म्हणणे असे आहे की इथे ज्याचे येणे होते त्यानेच ते भरले, आणि वधस्तंभावर भरले. हा फरक पुढच्या सगळ्या वादांत पायाशी असतो.

नवा करार स्वतःच या प्रश्नाला सोपे उत्तर देत नाही, हे अभ्यासकाने पहिल्याच दिवशी मान्य करावे. योहानाचे पहिले पत्र पाच अध्यायांचे आहे. त्याच्या पहिल्या अध्यायात आपल्यात पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो असे सांगितले आहे, आणि तिसऱ्या अध्यायात देवापासून जन्मलेला पाप करत नाही असे. एकाच लेखकाचे हे एकच पत्र. पापात राहण्याविषयीचे क्रियापद वर्तमानकाळात आहे, म्हणजे ‘पाप करत राहणे’ असा अर्थ घ्यावा, असे काही भाष्यकार म्हणतात. व्याकरणाच्या एवढ्याशा खुंटीवर इतके ओझे टांगणे मला पटत नाही. पत्राचा लेखक दोन वेगवेगळ्या आजारांवर बोलत असावा, असे माझे मत आहे. काहींना आपण बरे आहोत असा भ्रम होता, आणि काहींनी आजाराशी जमवून घेतले होते.

त्याहून मोठी गाठ म्हणजे रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय. तिथे पौल ‘मी’ म्हणून बोलतो. चांगले करावे अशी इच्छा आहे, पण घडते ते नकोसे वाटणारेच. आतला माणूस देवाच्या नियमशास्त्रात आनंद मानतो, पण अवयवांत दुसराच नियम राज्य करतो. हा ‘मी’ कोण? बाप्तिस्म्याआधीचा पौल? बाप्तिस्मा झालेला, प्रेषित असलेला पौल? नियमशास्त्राखाली असलेला इस्राएल? की आदाम? १९२९ साली वेर्नर गेओर्ग क्युमेल या जर्मन अभ्यासकाने हा उतारा पौलाचे आत्मचरित्र म्हणून वाचूच नये असे ठासून मांडले, आणि तेव्हापासून भाष्यकारांची मोठी फळी त्या बाजूला झुकली. उत्तर काहीही द्या, त्याचा परिणाम लिंबाखाली चहा पिणाऱ्या माणसावर होतो. तो ‘मी’ प्रेषित असेल, तर त्या गृहस्थांच्या शेजारी बाकावर पौल बसलेला आहे. नसेल, तर त्यांचा आठवडा हा त्यांनी मागे सोडायला हवा होता त्या आयुष्याचा पुरावा ठरतो.

आरंभीच्या मंडळीची भीती आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. बाप्तिस्म्याने आधीचे सर्व पाप धुतले जाते याबद्दल शंका नव्हती. नंतरच्या पापाचे काय, हा घोर होता. दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची आणखी एक संधी मिळते, एकच. म्हणून कित्येक जण बाप्तिस्माच लांबवत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ साली मरणशय्येवर घेतला. २५० साली देकियस सम्राटाच्या हुकमाने छळ झाला, तेव्हा जीव वाचवण्यासाठी कित्येक ख्रिस्ती लोकांनी रोमी देवतांना अर्पण केले आणि छळ ओसरल्यावर ते रडत मंडळीच्या दाराशी आले. रोममध्ये नोवाशियनने त्यांना परत घेण्यास नकार दिला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मध्यम वाट काढली : प्रायश्चित्त करावे लागेल, पण दार बंद नाही. या भांडणाची कागदपत्रे वाचताना जाणवते की क्षमेची खात्री हा तेव्हा एकट्याच्या मनातला प्रश्न नव्हताच. भाकर मोडायला मला बसू देतात की नाही, एवढा तो रोकडा होता.

ऑगस्टीन याच भीतीत वाढला. लहानपणी पोटाच्या दुखण्याने तो मरणाच्या दारात गेला तेव्हा बाप्तिस्म्याची तयारी झाली, आणि तो बरा होऊ लागताच ती पुढे ढकलली गेली. मूल जगणार म्हणजे पाप करणार, आणि धुतल्यानंतरचा डाग अधिक काळा, हा हिशेब. हे त्याने ‘कन्फेशन्स’च्या पहिल्याच भागात लिहून ठेवले आहे. पण मला त्याच्या आयुष्यातला दुसरा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. आधीच्या काळात त्याने रोम ७ मधला ‘मी’ हा अजून कृपेखाली न आलेला माणूस आहे असे लिहिले होते. पुढे, माणूस स्वतःच्या बळावर निष्पाप जगू शकतो असे मानणाऱ्या पेलाजियसच्या अनुयायांशी वाद करताना त्याचे मत फिरले : तो ‘मी’ स्वतः प्रेषितही असू शकतो. आणि ४२६-२७ च्या सुमारास, सत्तरी ओलांडलेल्या या बिशपाने आपलेच जुने ग्रंथ एकेक करून काढले, वाचले आणि आपण कुठे चुकलो होतो त्याची नोंद केली. त्यात हीसुद्धा नोंद आहे. कित्येक वर्षे माणसांची राखण केल्यावर आणि स्वतःच्या मनाशी झुंजल्यावर त्याला तो अध्याय वेगळा दिसू लागला होता. तो वादात हरू नये म्हणून बदलला, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. मला वाटते, म्हातारपण हेही एक भाष्य असते.

मध्ययुगाबद्दल थोडक्यात. आयर्लंडच्या मठांतून वारंवार, खाजगीत पाप सांगण्याची रीत पसरली. स्पेनमध्ये ५८९ साली तोलेदोच्या तिसऱ्या धर्मसभेने तक्रार नोंदवली की लोक जितक्या वेळा पाप करतात तितक्या वेळा क्षमा मागायला येतात. ती तक्रार वाचली की मला त्या लोकांविषयी माया वाटते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापनिवेदन सर्वांना बंधनकारक केले. गोव्यात ज्याला आजही ‘कुमसार’ म्हणतात त्याच्या मागे हा सारा इतिहास आहे.

आता मार्टिन लुथर. एर्फुर्टच्या ऑगस्टिनी मठातला हा तरुण संन्यासी तासन्‌तास पापनिवेदन करी, क्षमा ऐकून बाहेर पडे आणि एखादे राहिलेले पाप आठवून माघारी येई. त्याचा वडीलधारा योहान फॉन श्टाउपित्स त्याला स्वतःकडे पाहू नकोस, ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा, असे सांगत राहिला. १५१५-१६ साली विटेनबर्गला रोमकरांस पत्रावर व्याख्याने देताना लुथरने जी ओळ धरली तिचे मराठी असे होईल : माणूस एकाच वेळी नीतिमान आहे आणि पापी आहे. अर्धा हा आणि अर्धा तो, असे नव्हे. देवाच्या निवाड्यात पूर्ण नीतिमान, आणि स्वतःत पाहिले तर पूर्ण पापी. हे सूत्र सोपे वाटते, पण त्याची खरी धार १५१८ च्या ऑक्टोबरात आउग्सबुर्गला दिसली. पोपचे प्रतिनिधी कार्डिनल कायेतान यांच्यासमोर लुथर उभा राहिला तेव्हा दोन मुद्द्यांवर खडाजंगी झाली. एक होता पापदंडमाफीच्या पत्रांमागचा पुण्यसंचय. दुसरा आपला : पुरोहित क्षमेचे शब्द उच्चारतो तेव्हा मला क्षमा झालीच असे मी निश्चित धरायचे की नाही? लुथरचे म्हणणे, धरायचेच. कारण न धरणे म्हणजे ख्रिस्ताला खोटे पाडणे. कायेतान मूर्ख नव्हते, फार मोठे विद्वान होते. त्यांनी लिहून ठेवले की हे मान्य करणे म्हणजे नवी मंडळीच उभारणे होय. त्यांचा अंदाज बरोबर ठरला.

१३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंटच्या धर्मसभेने आपली बाजू मांडली. प्रॉटेस्टंट वाचक ती बहुधा ऐकीव माहितीवर झटकून टाकतात, म्हणून सांगतो : देवाच्या दयेविषयी, ख्रिस्ताच्या पुण्याईविषयी शंका घ्यावी असे ट्रेंट म्हणत नाही. स्वतःच्या दुबळेपणाकडे पाहता, आपण कृपेत आहोत हे कोणालाही चूक होऊच शकणार नाही अशा विश्वासाच्या निश्चितीने कळू शकत नाही, एवढेच ते म्हणते. म्हणजे दोन्ही बाजू वेगवेगळ्या ठिकाणी बघत होत्या. लुथर दिलेल्या वचनाकडे पाहत होता, ट्रेंट वचन घेणाऱ्या हाताकडे. हे ओळखायला साडेचारशे वर्षे लागली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, त्याच आउग्सबुर्ग शहरात, लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक मंडळी यांनी नीतिमान ठरवले जाण्याच्या सिद्धान्तावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात ‘नीतिमान ठरलेला तरी पापी’ यावर एक स्वतंत्र भाग आहे आणि तारणाच्या खात्रीवर दुसरा. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण हे दोन भाग शेजारी शेजारी ठेवून वाचणे हा या क्षेत्रातला उत्तम पहिला गृहपाठ आहे.

कॅल्विनने ख्रिस्ताला आरसा म्हटले : आपली निवड झाली आहे की नाही हे त्याच्यात पाहावे. त्याच्यानंतरच्या इंग्लंडमध्ये मात्र आरसा हळूहळू वळला. विल्यम पर्किन्सने १५९२ साली, मी देवाचे लेकरू आहे हे मला कसे कळेल, या प्रश्नावर एक पुस्तिका लिहिली आणि सदसद्विवेकापुढचा याहून मोठा प्रश्न झाला नाही असे तिच्या नावातच म्हटले. मग खुणा शोधणे सुरू झाले : पापाचे दुःख होते का? प्रार्थनेत रस आहे का? प्युरिटन पाळक हे माणसांचे हाल पाहून, प्रेमानेच विचारत होते. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात तर स्पष्ट सांगितले आहे की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्री मिळायला फार काळ लागू शकतो, आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते. किती माणसांना हे वाचून श्वास घेता आला असेल! पण स्वतःच्या मनात खुणा शोधणाऱ्याला तिथे हरळीही दिसतेच, आणि ती हिरवीगार असते.

याचे जवळून पाहावे असे चित्र जॉन बनियनचे. भांडी सांधणारा कासार, बेडफर्ड गावचा. विनापरवाना उपदेश केल्याबद्दल १६६० साली तुरुंगात गेला आणि तिथूनच १६६६ साली त्याने आपल्या झुंजीची कहाणी छापली. त्यात तो सांगतो की ख्रिस्ताला विकून टाक, असा एकच विचार वर्षभर त्याच्या डोक्यात घण घालत होता. जेवताना, काम करताना, काही उचलायला वाकताना. तो नाही, नाही म्हणत राही. आणि एका सकाळी अंथरुणात, थकून, त्याच्या मनातून निघून गेले : जायचे असेल तर जाऊ दे. झाले, आपण एसाव झालो, जन्महक्क विकून बसलो, असे त्याने धरले. इब्री लोकांस पत्रातले एसावाविषयीचे वचन त्याच्या मानगुटीवर बसले. दुसरीकडे, कृपा पुरेशी आहे हे करिंथकरांस पत्रातले वचन अधूनमधून येई. ही दोन वचने एकदा एकाच वेळी मनात आली आणि त्यांची झटापट झाली, असे तो लिहितो. पुढे एके दिवशी शेतातून चालताना त्याला सुचले की आपले नीतिमत्त्व स्वर्गात आहे, देवाच्या उजवीकडे बसले आहे. आपले मन आज चांगले असेल तर ते वाढत नाही आणि वाईट असेल तर घटत नाही.

सगळे लोक बनियनचा हा शेतातला प्रसंग सांगतात. मला त्याच्या पुस्तकाचे शेवटचे पान दाखवायचे आहे. तिथे, त्या शेतातल्या उजेडानंतर बऱ्याच वर्षांनी, तुरुंगातून, त्याने स्वतःच्या हृदयात अजून सापडणाऱ्या सात घाणींची यादी दिली आहे. अविश्वासाकडे ओढा, ख्रिस्ताचे प्रेम चटकन विसरणे, प्रार्थनेत मन भरकटणे आणि थंडावणे, आहे त्याचा दुरुपयोग करून वर आणखी नाही म्हणून कुरकुरणे. यादीत खून-दरोडा काही नाही. रोजच्या, चिवट, काशा वेचून न संपणाऱ्या गोष्टी आहेत. आणि ती यादी लिहिणारा माणूस घाबरलेला नाही. याच लेखकाच्या ‘यात्रेकरू’ या ग्रंथाने पुढे जग फिरले, हरी केशवजींनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने तो मराठीत आणला, म्हणजे आधुनिक मराठी गद्य अजून पाळण्यात असताना हा विषय आपल्या भाषेत आला होता.

जॉन वेस्लीच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या बैठकीत, मनाविरुद्ध गेलेला असताना, त्याचे हृदय उबदार झाले आणि आपली पापे दूर झाली अशी खात्री त्याला मिळाली, हे सर्वांना ठाऊक असते. तिथे वाचली जात होती ती लुथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना. पण ४ जानेवारी १७३९ ला, म्हणजे साडेसात महिन्यांनी, याच वेस्लीने आपल्या रोजनिशीत मी ख्रिस्ती नाही असे लिहिले. खात्रीच्या अभ्यासात या दोन तारखा नेहमी एकत्र लिहाव्यात.

इथे एका वेगळ्या दुःखाकडे लक्ष वेधतो. लोयोलाचा इग्नाशियस १५२२-२३ साली स्पेनमधल्या मान्रेसा गावी असताना, सांगितलेली पापे पुन्हा पुन्हा सांगूनही त्याला शांती मिळेना. खोलीतल्या भगदाडातून उडी टाकून जीव द्यावा इथपर्यंत तो गेला. पुढे त्याने अशा पीडित मनांसाठी नियम लिहिले. आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे : मंत्रचळ. आज मानसोपचारशास्त्र हा आजार ओळखते आणि त्यावर उपचार आहेत. पाळकांना माझी कळकळीची विनंती आहे की एखादा माणूस त्याच पापाची क्षमा दहाव्यांदा मागायला आला, तर त्याला अकरावे वचन देण्यापूर्वी त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा.

एक मोठा आक्षेपही विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे ऐकायला हवा. १९६३ साली क्रिस्टर स्टेंडाल या स्वीडिश अभ्यासकाने एका निबंधात म्हटले की हा सगळा प्रश्नच पौलाचा नाही. तो ऑगस्टीन आणि लुथरपासून आलेल्या पाश्चात्त्य अंतर्मुख मनाचा आहे. फिलिप्पैकरांस पत्रात पौल स्वतःला नियमशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष म्हणवतो. त्याला छळणारा प्रश्न होता यहूदी आणि परराष्ट्रीय एका मेजावर कसे बसतील हा. १९७७ साली ई. पी. सँडर्स यांच्या ग्रंथाने पहिल्या शतकातल्या यहुदी धर्माविषयीचे जुने गैरसमज दूर केले आणि स्टेंडालच्या म्हणण्याला बळ आले. मी हा आक्षेप अर्धा मान्य करतो. पौलाला लुथर करू नये. पण स्टेंडाल यांनी ज्याला पाश्चात्त्य म्हटले ते मन मला पश्चिमेत मावताना दिसत नाही.

कारण ते केडगावलाही होते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठ वर्षे लागली. संस्कृत कोळून प्यायलेली, कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता ही पदवी दिलेली ही बाई बाप्तिस्मा, शिकवण, सेवा सगळे असूनही आठ वर्षे चुकल्यासारखी होती, आणि ते तिने झाकले नाही. १९०५ साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन झाले त्यात मुली तासन्‌तास पापे कबूल करत रडत होत्या आणि नंतर गात होत्या. त्या अश्रूंचा अभ्यास लुथरच्या झुंजीइतक्याच गांभीर्याने व्हायला हवा. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. ज्या परंपरेत संत स्वतःला पतित म्हणवतो आणि त्याच दमात पतितपावनावर हक्क सांगतो, तिच्यात वाढलेल्या माणसाला ‘एकाच वेळी नीतिमान आणि पापी’ हे सूत्र जर्मन विद्यार्थ्यापेक्षा लवकर उमगेल, असे मला शिकवताना अनेकदा वाटले आहे. दुसरीकडे, करावे तसे भरावे हेही आपल्या हाडीमांसी आहे. मराठी ख्रिस्ती मनात ही दोन्ही पाणी वाहतात, आणि तिथे कोणीतरी बसून नीट काम करण्याची वेळ झाली आहे.

राहिला फुकटेपणाचा धोका. क्षमा नक्की आहे, तर पाप करायला काय हरकत, हा प्रश्न रोम ६ च्या पहिल्याच वचनात आहे. डीट्रिख बोनहोफरने १९३७ साली स्वस्त कृपेवर कोरडे ओढले ते याच कारणाने. पण कृपा स्वस्त करू नका म्हणणाऱ्या त्याच बोनहोफरने, नाझी पोलिसांनी त्याचे फिंकेनवाल्डेचे पाळक-विद्यालय बंद केल्यावर, एकत्र जीवनावर एक लहान पुस्तक लिहिले आणि त्याचा शेवट भावापुढे पाप सांगण्यावर केला. त्याचा मुद्दा असा की एकांतात आपण बहुधा स्वतःपुढेच कबुली देतो आणि स्वतःच स्वतःला क्षमा करून टाकतो. म्हणूनच तेच पाप पुन्हा होते आणि तीच शंका पुन्हा येते. क्षमा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते.

मला या साऱ्या इतिहासातून जे मिळाले ते हेच. श्टाउपित्स लुथरला, ऑल्डर्सगेटवरचा वाचक वेस्लीला, बनियनच्या मनात आलेले वचन बनियनला, सगळे काही बाहेरून सांगत होते. ज्याने खात्री स्वतःच्या आत धुंडाळली त्याला हरळी सापडली. ज्याने ती ऐकली त्याला हरळी दिसत असूनही खुरपे हातात घेता आले. उपासनेत पापकबुलीनंतर पाळक क्षमेचे शब्द मोठ्याने म्हणतो, ते घाईने उरकायचे नसतात ते यासाठी. आणि भाकरीचे ताट पुढे येते ते कोणाचा आठवडा तपासायला नव्हे. कोणी म्हणेल, पौलाने करिंथकरांना अयोग्य रीतीने भाकर खाण्याविरुद्ध इशारा दिला आहे. दिला आहे, पण तिथे दोषी होते ते गरिबांना उपाशी ठेवून आधी जेवून घेणारे. स्वतःच्या पापाने मान खाली घातलेल्या माणसाला त्या वचनाने बाकावर खिळवून ठेवणे हे वचनाचे चुकीचे वाचन आहे, एवढे मी ठामपणे म्हणतो. त्या रविवारी लिंबाखाली हे म्हणायला मला सुचले नाही, याचे मला वाईट वाटते.

आता वाचकाला एक विनंती. पुढे ग्रंथ पुष्कळ वाचायचे आहेत, पण त्याआधी रोमकरांस पत्राचे पाच ते आठ हे अध्याय एका बैठकीत, मोठ्याने, जमल्यास दुसऱ्या कोणाला तरी वाचायला लावून ऐका. सातव्याच्या अखेरीस थांबू नका. बायबलमधले अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले. पौलाच्या पत्रात त्या कण्हण्यानंतर ओळही न सोडता दंडाज्ञा नसल्याची घोषणा येते.